क्युपिडिटी म्हणजे नक्की काय आणि हा शब्द कधी वापरायचा: इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांसाठी

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने आईवर दहा ओळी लिहून आणल्या होत्या, त्यात एक वाक्य होतं, माय मदर हॅज ग्रेट क्युपिडिटी फॉर मी. तिला म्हणायचं होतं की आईचा माझ्यावर फार लोभ आहे. लोभ हा शब्द तिने मोबाईलच्या डिक्शनरीत टाकला, समोर चार-पाच इंग्रजी शब्द आले, त्यातला जरा वजनदार वाटला तो उचलला. मराठीच्या बाजूने बघितलं तर तिचं काहीच चुकलं नव्हतं, आपण पत्राच्या शेवटी "लोभ असावा" लिहितोच की, तिथे कोण पैशाचा विचार करतं? पण इंग्रजीत त्या वाक्याचा अर्थ झाला की आईचा माझ्याकडच्या पैशाअडक्यावर डोळा आहे. ते समजावून सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला आणि मला वाईट वाटलं, कारण असे शब्द कसे वापरायचे हे शाळेत कोणी सांगतच नाही, नुसता अर्थ पाठ करून घेतात.

मी गोव्यात फोंड्याला घरीच संध्याकाळी इंग्रजी शिकवते, येणारी बरीच मुलं मराठी प्राथमिक शाळेतून आलेली, काही नोकरी करून येणारी मोठी माणसंही आहेत. त्यांना सांगते तेच इथे सविस्तर लिहिते. एका वेळी एकच पायरी घ्या, घाई करू नका.

आधी अर्थ. क्युपिडिटी म्हणजे पैसा, जमीन, दागिने, मालमत्ता आपल्याला मिळावी म्हणून मनात उठलेली जबर हाव, आवरता न येणारी. नुसती इच्छा म्हणजे क्युपिडिटी नाही, मोठी इच्छा म्हणजेसुद्धा नाही. जी इच्छा माणसाच्या हातात राहत नाही, उलट माणूसच तिच्या हातात जातो, ती. मराठीत सगळ्यात जवळचा शब्द म्हणाल तर हाव किंवा लालसा, आणि बोलण्यात आपण "त्याला हाव सुटली" म्हणतो ना, त्यातलं ते "सुटली" फार बरोबर आहे, दावं तोडून सुटलेल्या गुरासारखं. हा शब्द रोजच्या बोलण्यातला नाही, पणजीच्या बसमध्ये नाहीतर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुम्हाला तो ऐकू येणार नाही. तो भेटतो इंग्रजी पेपरच्या अग्रलेखात, जुन्या कथा-कादंबऱ्यांत, कधी एखाद्या निकालपत्रात, आणि स्पर्धा परीक्षेत समानार्थी शब्द विचारतात तिथे.

आता उच्चार आणि स्पेलिंग, हे पटकन होण्यासारखं आहे. सी, यू, पी, आय, डी, आय, टी, वाय. म्हणायचं क्यू-पि-डि-टी आणि जोर पि वर द्यायचा. जोर जमत नसेल तर ह्युमिडिटी म्हणून बघा, आपल्याकडे मे महिन्यात तो शब्द रोज कानावर पडतो, त्यात मि वर जसा जोर येतो तसाच इथे पि वर. स्टुपिडिटी, रॅपिडिटी यांचीही चाल तीच. पण इथे एक खड्डा आहे. ह्युमिडपासून ह्युमिडिटी, रॅपिडपासून रॅपिडिटी, मग क्युपिडपासून क्युपिडिटी आणि "ही इज व्हेरी क्युपिड" म्हणजे तो फार हावरा, असं मुलं आपल्या मनाने बनवतात. इंग्रजीत क्युपिड असं विशेषण चालत नाही. लॅटिनमध्ये होतं, कुपिदुस, म्हणजे आसुसलेला, हावरा, पण इंग्रजीत फक्त नाम रुळलं, विशेषण काही आलं नाही. विशेषण पाहिजे तर साधं ग्रीडी वापरा, जरा जड पाहिजे तर अ‍ॅव्हरिशस किंवा ग्रास्पिंग.

आणि मग क्युपिड कोण? तो रोमन लोकांचा प्रेमाचा देव, पंख असलेला, हातात धनुष्यबाण, आपल्या मदनासारखाच. फेब्रुवारीत भेटकार्डांवर दिसतो तो हाच. मुलं ते चित्र डोक्यात ठेवून क्युपिडिटी म्हणजे प्रेमात पडणं असं समजतात, आणि समजणारच, दोन्ही शब्द खरंच एका घरातले आहेत. लॅटिनमध्ये कुपेरे म्हणजे इच्छा करणं, हवंसं वाटणं. त्यातून एकीकडे क्युपिड आला, दुसरीकडे कुपिदितास म्हणजे तीव्र इच्छा, ते फ्रेंचमधून पंधराव्या शतकात इंग्रजीत येऊन क्युपिडिटी झालं. इंग्रजीत काही काळ त्याला शारीरिक वासनेचाही अर्थ होता, पण आज तो गळल्यातच जमा आहे, आजचा अर्थ धनाची हाव. तेव्हा लक्षात ठेवायचं तर असं ठेवा की क्युपिडचा बाण माणसाकडे जातो आणि क्युपिडिटीची नजर त्या माणसाच्या तिजोरीकडे.

गोव्यातल्या माणसाला या शब्दाची एक बहीण आधीपासून ओळखीची असू शकते. पोर्तुगीज इथे १५१० ते १९६१ होते, ४५१ वर्षं, त्यामुळे जुन्या माणसांच्या तोंडात त्यांचे शब्द राहिले. माझे आजोबा त्या काळात प्रिमेर ग्राव, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शिक्षण, झालेले, घरात मराठी, देवापुढे मराठी पोथी, पण जमिनीच्या वाटणीचं भांडण कुठे ऐकलं की पोर्तुगीजमधली एकच म्हण म्हणायचे, आ कुबीसा रोंपे ऊ साकू. हावेने पोतं फाटतं. लहान असताना मला त्यातलं साकू तेवढं कळायचं, कारण आमच्याकडे पाडेल्याने नारळ पाडले की पोती भरायचं काम असायचं आणि भरलेल्या पोत्यात आणखी दोन नारळ कोंबायला गेलं की शिवण उसवून सगळेच नारळ अंगणभर घरंगळायचे, ते मी डोळ्यांनी बघितलेलं. ती कुबीसा आणि इंग्रजी क्युपिडिटी एकाच लॅटिन मुळाच्या, हे मला पुष्कळ वर्षांनी शिकवताना कळलं, आणि तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. तुमच्या घरात जुनं कोणी असेल तर त्यांना कुबीस शब्द माहीत आहे का विचारून बघा, असा धागा एकदा जुळला की पाठांतर करायला लागत नाही.

याच मुळातून इंग्रजीत आणखी एक शब्द आला, कव्हेट, उच्चार कव्हिटच्या जवळचा, कोव्हेट नाही. दुसऱ्याच्या वस्तूची हाव धरणं असं हे क्रियापद. ख्रिस्ती धर्मात ज्या दहा आज्ञा आहेत त्यात शेजाऱ्याचं घर, त्याची बायको, त्याचे बैल-गाढवं यांची अभिलाषा धरू नकोस असं सांगितलंय, तिथे इंग्रजीत हेच कव्हेट आहे. आपले ख्रिश्चन शेजारी लहानपणी दोतोर्नीला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाला, जातात तिथे ही आज्ञा शिकतात, तुमच्या वाड्यावर कोणी मित्र असेल तर त्याला विचारा, तो पटकन सांगेल. कव्हेटची गंमत ही की त्याचं कव्हेटेड हे रूप चांगल्या अर्थानेही चालतं, अ कव्हेटेड प्राइझ म्हणजे ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा आहे असा मानाचा पुरस्कार, त्यात निंदा नाही. क्युपिडिटीला ही सूट नाही, ती नेहमी निंदाच.

आपल्याकडच्या लोभाचं मात्र वेगळं. षड्रिपूंत काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर, तिथे लोभ हा शत्रू, गीतेच्या सोळाव्या अध्यायात काम, क्रोध आणि लोभ ही नरकाची तीन दारं म्हटलीयत. आणि तोच लोभ पत्राच्या शेवटी माया म्हणून येतो, "आमच्यावर लोभ ठेवा". भाषेचा अभ्यास करणारे सांगतात की संस्कृतातला लुभ् हा धातू आणि इंग्रजीतला लव्ह हे फार मागे एकाच मुळाचे, म्हणजे प्रेम आणि हाव हे शब्द तिकडेही एकमेकांना चिकटलेले आणि इकडेही. माझ्या विद्यार्थिनीची चूक अशा जुन्या जागेवर झाली होती, म्हणून मी तिला चूक म्हणून लाल पेनाने खोडलं नाही, बाजूला फक्त लिहिलं की इथे मायेचा लोभ आहे, फॉन्ड वापर. माय मदर इज व्हेरी फॉन्ड ऑफ मी. आणखी पुढचं लाड करण्यापर्यंतचं प्रेम असेल तर शी डोट्स ऑन मी.

एक सुभाषित पाठ असू द्या, लोभमूलानि पापानि, सगळ्या पापांचं मूळ लोभात. बायबलच्या लॅटिन पाठातही जवळजवळ असंच वाक्य आहे, सगळ्या वाईटाचं मूळ कुपिदितास. दोन्हीकडे मूळ हाच शब्द यावा याचं मला अजून नवल वाटतं. आणि हे वाक्य माहीत असलं की क्युपिडिटी हा शब्द किती गंभीर आहे ते कळतं, तो कोणावर सहज फेकायचा नसतो.

आता जी पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. क्युपिडिटी हा आरोप आहे. एखाद्या माणसाबद्दल तुम्ही हा शब्द लिहिला की तुम्ही म्हणताय, याला गरज नव्हती आणि तरी याला पाहिजे होतं. म्हणून लिहिण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा, या माणसाला ते कशासाठी हवं होतं? उत्तर पोटासाठी, औषधासाठी, पोराच्या फीसाठी असं आलं तर शब्द बदला. तिथे नीड म्हणा, डेस्परेशन म्हणा, होप म्हणा. २०२४ मध्ये गोव्यात सरकारी नोकरी देतो सांगून लोकांकडून पैसे घेतल्याची प्रकरणं गाजली, तेव्हा माझ्या वर्गात या विषयावर परिच्छेद लिहायला दिला होता आणि निम्म्या मुलांनी फसलेल्या माणसांबद्दल लिहिलं की दे वेअर व्हिक्टिम्स ऑफ देअर ओन क्युपिडिटी. मी सगळ्यांना थांबवलं. दागिने मोडून, कर्ज काढून मुलाच्या नोकरीसाठी पैसे देणारी आई चुकली असेल, पैसे द्यायला नको होते हे खरं, पण ती हावरट नाही. क्युपिडिटी असेल तर पैसे घेणाऱ्याची. पुन्हा लिहून आणा म्हटलं आणि त्यांनी आणलं. इंग्रजी शिकताना हे पण शिकायला हवं असं माझं ठाम मत आहे, शब्दाचा अर्थ कळून तो भलत्याच माणसावर लावला तर त्या माणसावर अन्याय होतो.

हे नीट समजायला मी एक जमिनीचा प्रसंग सांगते, वर्गातही हाच सांगते, कारण यात हावेचे सगळे शब्द एकाच सोप्यावर बसलेले दिसतात. माझ्या मामाची पेडण्यात काजूची बाग आहे, मोपाचा विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये झाला आणि त्याच्या आधीपासूनच तिकडे जमिनी बघायला गाड्या यायला लागल्या. मामीचं डायलिसिस चालू होतं, मामाने बागेचा एक तुकडा विकायचं ठरवलं. एक दलाल आला, सोप्यावर बसला, चहा घेतला, जमिनीचा एक-चौदाचा उतारा बघितला आणि मग मोबाईल काढून स्टुलावर ठेवला, त्यात एकसारख्या बंगल्यांच्या रांगेचा फोटो, निळा स्विमिंग पूल, आणि बोटाने फोटो सरकवत म्हणाला, काका, तुमची जागा अशी दिसेल. मामा फोटोकडे बघतच नव्हता, तो विचारत होता पैसे कधी मिळतील, कारण पुढच्या महिन्याचं हॉस्पिटलचं बिल होतं. पण बाजूला मामाचा एक चुलत भाऊ बसला होता, मुंबईला असतो, चांगली नोकरी, स्वतःचा फ्लॅट, बागेत कित्येक वर्षं पाय ठेवला नव्हता, विकायचं कळल्यावर लगेच आलेला. त्याने तो मोबाईल उचलला आणि परत खाली ठेवलाच नाही. दलाल बोलत होता, मामा बोलत होता, याचा अंगठा तेवढा फोटो मोठा करत होता, बारीक करत होता, चहावर साय धरली. मग हळू आवाजात विचारलं, सगळीच बाग दिली तर?

तो क्षण म्हणजे क्युपिडिटी. इंग्रजीत लिहायचं तर, द फोटोग्राफ अराउज्ड हिज क्युपिडिटी. अराउज म्हणजे जागवणं, फोटोने त्याची हाव जागवली. या शब्दाबरोबर असली क्रियापदं वारंवार येतात, अराउज, एक्साइट, टेम्प्ट, कारण क्युपिडिटी ही काहीतरी बघून पेटते. मामाला मात्र यातला कुठलाच शब्द लागत नाही, त्याला पैसे हवे होते पण कारणासाठी आणि कारणाएवढे.

आता शेजारचे शब्द. ग्रीड हा सगळ्यांत साधा आणि सगळीकडे चालणारा, पैशाचा, सत्तेचा, जेवणाचासुद्धा, शंका आली की ग्रीड वापरा, कधी चुकणार नाही. अ‍ॅव्हरिस, ज्याचा उच्चार अ‍ॅ वर जोर देऊन अ‍ॅव्हरिस असाच करायचा, पुष्कळ मुलं शेवटचं आर-आय-सी-ई बघून अव्हराइस म्हणतात, तसं नाही. अ‍ॅव्हरिसमध्ये मिळवण्याइतकंच धरून ठेवणं येतं, म्हणजे लोभ आणि चिक्कूपणा एकत्र. पूर्वीच्या काळचा एखादा भाटकार, म्हणजे बागायतींचा जमीनदार, डोळ्यासमोर आणा, तीन गावांत भाटं, आणि घरात दिवा लावायला तेल जाईल म्हणून काळोखात बसणारा, पाडेल्याला मजुरी देताना दहा वेळा मोजणारा, त्याची ती अ‍ॅव्हरिस. त्याच मुळातून अ‍ॅव्हिड आला पण तो चांगला शब्द आहे, अ‍ॅन अ‍ॅव्हिड रीडर म्हणजे वाचनाचा भुकेला. आणि चौथा रपॅसिटी, इथे हाव हातात उतरते, ओरबाडणं, हिसकावणं आलं, लॅटिनमध्ये रापेरे म्हणजे झडप घालून पळवणं, शिकारी पक्ष्याला रॅप्टर म्हणतात तो याच घरातला. मामाच्या बागेच्या हद्दीचे दगड कोणी रात्रीत आत सरकवले असते, कुळाला धमकावून काढलं असतं, तर ती रपॅसिटी झाली असती. म्हणजे चुलत भाऊ नुसता फोटो बघत होता तोवर क्युपिडिटी, हात घातला असता तर रपॅसिटी. परीक्षेत चारही शब्द समानार्थी म्हणून येतात आणि तिथे ते चालतं, पण लिहिताना ही पायरी सांभाळा.

याचा खरा उपयोग मोठ्या विषयांवर लिहिताना होतो. आपल्याकडे २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, या विषयावर इंग्रजीत निबंध लिहायला सांगितला की मुलं सरसकट पीपल्स ग्रीड लिहून मोकळी होतात. कुठली पीपल? परवानगीपेक्षा जास्त उपसणाऱ्याला रपॅसिटी लावा, हरकत नाही. पण डिचोली-सांग्याच्या गावात ज्याने बँकेचं कर्ज काढून एक ट्रक घेतला आणि खाण बंद झाल्यावर तो दारात उभा राहिला, त्याच्यावर हावेचा कुठलाही शब्द लागत नाही. एका निबंधात दोघांसाठी एकच शब्द वापरला की तुमचं इंग्रजी बरोबर असून लिखाण खोटं होतं.

व्याकरणाचं थोडक्यात. क्युपिडिटी मोजता येत नाही, त्यामुळे अ क्युपिडिटी नाही आणि क्युपिडिटीज तर नकोच. कोणाची ते सांगायचं तर हिज क्युपिडिटी, द ब्रोकर्स क्युपिडिटी, द क्युपिडिटी ऑफ द बिल्डर. कशाची ते सांगायला पुढे फॉर, क्युपिडिटी फॉर लँड. कारण म्हणून वापरायचं तर आउट ऑफ शीअर क्युपिडिटी, म्हणजे निव्वळ हावेपोटी, किंवा ड्रिव्हन बाय क्युपिडिटी. फसवणुकीच्या बातम्यांत एक रचना कामाची आहे, द स्कीम प्लेड ऑन द क्युपिडिटी ऑफ इन्व्हेस्टर्स, सहा महिन्यांत दामदुप्पट अशा योजनांबद्दल लिहिताना, म्हणजे योजनेने लोकांच्या हावेचा फायदा उठवला. तिथेही वरचा प्रश्न विचारायचाच, सगळेच गुंतवणारे हावरे असतात का?

कुठे वापरू नये तेही सांगते कारण चुका तिथेच जास्त होतात. जेवणाच्या बाबतीत नको. जत्रेत खाजे घेतले आणि पोराने घरी पोचेपर्यंत अर्धी पुडी संपवली तर तो ग्रीडी, क्युपिडिटी नाही, कारण हा शब्द धनसंपत्तीकडेच जास्त ओढलेला आहे. लहान मुलांच्या बाबतीत तर नकोच, फार जड होतो. नोकरीच्या अर्जात अजिबात नको, माझ्याकडच्या एका मुलाने आय हॅव क्युपिडिटी टु लर्न न्यू थिंग्ज असं लिहिलं होतं, पाठवायच्या आधी दाखवलं म्हणून बरं, त्याचं आय अ‍ॅम कीन टु लर्न केलं आणि काम झालं. कीन, ईगर, हे शब्द शिकण्याच्या इच्छेसाठी. आणि मित्रांशी बोलताना, व्हॉट्सअ‍ॅपवर, ग्रीडी म्हणा. जड शब्द हलक्या जागी ठेवला की समोरचा तुमचं म्हणणं सोडून शब्दाकडेच बघत बसतो.

आता सराव. एक वही घ्या, वरच्या ओळीत शब्द, खाली आपल्या गावातला, आपल्या घरातला एक प्रसंग मराठीतच लिहा, चार ओळी पुरे, आणि मग त्या प्रसंगाचं एकच वाक्य इंग्रजीत. उलटं करू नका, आधी इंग्रजी वाक्य पाठ करून मग प्रसंग शोधायला गेलात तर दुसऱ्या दिवशी दोन्ही विसरता, हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय. रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाचा, सगळा नाही समजला तरी चालेल, ग्रीडच्या जातीचा शब्द दिसला की पेन्सिलने गोल करा आणि बाजूला लिहा की इथे लेखक कोणाला दोष देतोय. ही सवय लागली ना की शब्दसंग्रह आपोआप वाढतो. मोबाईलमधली मराठी डिक्शनरी पहिल्या अंदाजाला ठीक आहे, पण त्यात लोभ टाकला की पाच शब्द एका रांगेत येतात आणि त्यांच्यातला फरक कोणी सांगत नाही, म्हणून तिथे थांबू नका, तो इंग्रजी शब्द परत इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरीत बघा आणि खाली दिलेली वाक्यं मोठ्याने वाचा. पणजीला पाटो इथलं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचं आहे, बसस्टँडवरून चालत जाता येतं, तिथे मोठे शब्दकोश बसून बघता येतात, मी मुलांना वर्षातून एकदा तरी घेऊन जाते. जाड शब्दकोश हातात घेऊन एका शब्दाचे सगळे अर्थ, जुने-नवे, एका पानावर बघितले की मोबाईलच्या एका ओळीत काय काय सुटलं होतं ते लक्षात येतं.

शेवटी पाच प्रसंग देते, वहीत सोडवा. एक, आजीने सगळ्या पाटल्या कपाटात कुलूप लावून ठेवल्यात, नातीच्या लग्नातही एक काढत नाही, आणि जुन्या साडीला ठिगळ लावून नेसते. दोन, घरमालकाने भाडेकरूला पैशाचं पाकीट मोजताना बघितलं आणि पुढच्या महिन्यापासून भाडं वाढवलं. तीन, रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, मासे कमी मिळाले म्हणून रापणकाराने दर वाढवला. चार, गावच्या कोमुनिदादच्या, म्हणजे गावकीच्या सामाईक, जागेत कोणी दांडगाईने कुंपण घातलं. पाच, बारावीतल्या मुलीला नवा लॅपटॉप हवाय कारण जुना उघडतच नाही.

पहिल्याला अ‍ॅव्हरिस म्हणावंसं वाटेल, पण आधी विचारा की ती पाटल्या कशासाठी ठेवतेय, कदाचित आजारपणासाठी ठेवत असेल, ते कळेपर्यंत थ्रिफ्ट, म्हणजे काटकसर, लिहा. दुसऱ्याला क्युपिडिटी चपखल, पाकीट बघून हाव पेटली. चौथ्याला रपॅसिटी. तिसऱ्याला आणि पाचव्याला यातला एकही शब्द नाही, आणि माझ्या वर्गात सगळ्यात जास्त मुलं तिसऱ्यालाच चुकतात, त्यांना दर वाढलेला दिसतो, रिकामी रापण दिसत नाही.